झाडाचं सामान नर्सरीतच कशाला शोधायचं?

मागच्या अंकात घरातल्या झाडांवर लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं आणि मेसेज वाचले तर पिवळी पानं, कीड वगैरे प्रश्न थोडेच आणि खर्चाचे ढीगभर. म्हणून यावेळी फक्त पैशाचं बोलूया. माझी पद्धत एकच आहे, पाकिटावर काय लिहिलंय ते सोडा, ती वस्तू कुंडीत काय काम करते ते बघा आणि मग तेच काम करणारी वस्तू आपल्या सोलापुरात आणखी कोण विकतं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर नर्सरी नसतं.

प्रश्न : ताई, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, हॉल आणि बाल्कनी मिळून बारा-तेरा कुंड्या झाल्यात. पावसाळ्याआधी सगळ्यांची माती बदलावी म्हणून ऑनलाइन बघितलं, पॉटिंग मिक्स, परलाइट, कोकोपीट, लिक्विड खत, एप्सम सॉल्ट सगळं कार्टमध्ये टाकलं तर आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला आणि मिस्टर म्हणाले एवढ्यात तर नवी झाडं येतील. यातलं खरंच काय लागतं आणि स्वस्तात कुठं मिळेल?
(एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : मिस्टरांचं बरोबर आहे पण लगेच सांगू नका त्यांना. तुमच्या कार्टमधलं निम्मं सामान शेतीचंच आहे, छोट्या पाकिटात भरून वर सुंदर पानाचा फोटो छापलाय एवढंच. आणि आपण राहतो कुठं, तर डाळिंब, द्राक्ष, ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ठिबकमधून खत सोडणारे शेतकरी चारी बाजूला आहेत, म्हणजे पाण्यात विरघळणारी खतं, मॅग्नेशियम सल्फेट, निंबोळी तेल हा इथं रोजचा माल आहे. हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला जा नाहीतर घराजवळचं कुठलंही कृषी सेवा केंद्र गाठा. दुकानदार विचारेल किती एकराला पाहिजे, तर न लाजता सांगायचं की बारा कुंड्यांना, हसतो पण देतो.

आता एकेक वस्तू बघू. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तेच ते, शेतकरी पोत्याने नेतात आणि किलोचं पाकीट पण मिळतं. पण खरं सांगू का, तुम्हाला ते लागेलच असं नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं दिसलं तरच द्यायचं, ४ लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, महिन्यातून एकदा. तसं काही दिसत नसेल तर कार्टमधून काढून टाका.

लिक्विड खताच्या जागी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत घ्या. त्यात नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असतं. घरातल्या झाडाला शेतातल्यासारखा डोस द्यायचा नाही, १० लिटरच्या बादलीत एक सपाट चहाचा चमचा म्हणजे लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, बास झालं. हिशोब करून बघा, एका किलोत २००० लिटर पाणी तयार होतं, तुमच्या तेरा कुंड्यांना ते संपता संपणार नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या चार-पाच जणींनी मिळून एक पाकीट घ्यायचं आणि वाटून घ्यायचं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा कारण हवा लागली की ओलावा ओढून त्याचा दगड होतो, आणि बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, स्वयंपाकघरात तर ठेवूच नका. पावसाळा ते दिवाळी पंधरा दिवसांनी एकदा द्या. एप्रिल-मेमध्ये बंद, आपल्या ४२-४३ डिग्रीत झाड स्वतःला सांभाळत असतं, तेव्हा वाढ करायला लावायचं नाही.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तो मात्र घ्यायचाच, फक्त १ किलोच्या विटा घेत बसू नका, ५ किलोचा ब्लॉक घ्या, तो भिजवला की फुगून ६० लिटरच्या वर होतो. ब्लॉक घेताना धुतलेला आहे का विचारा कारण न धुतलेल्यात मीठ असतं, तो दोन-तीन पाण्यांतून काढावा लागतो आणि आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळं धुतलेला थोडा महाग पडला तरी तोच परवडतो. स्वतः धुतलंच तर ते पाणी संडासात ओतायला वापरा, झाडाला नको.

परलाइटचं काम काय, तर मातीत हवा खेळती ठेवणं. ते काम विटेचे तुकडे करतात. कुठंही बांधकाम चालू असेल तिथं फुटक्या विटा पडलेल्या असतात, विचारून एक पिशवी आणा, फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा, ज्वारी ते हरभऱ्याएवढे तुकडे चाळून घ्या आणि धूळ धुऊन टाका, धूळ राहिली तर उलट माती घट्ट होते. वजन वाढतं हा एक तोटा, म्हणून टांगत्या कुंड्यांसाठी परलाइटचं छोटं पाकीट घेतलंत तर मी काही म्हणणार नाही. इस्त्रीवाल्याकडून किंवा वखारीतून लाकडी कोळशाचा चुरा मिळाला तर मनी प्लँट, मॉन्स्टेरा, ऑर्किडला तोही छान, पण चुराच हं, राख नको. आपलं पाणी आधीच क्षारांचं, त्यात राखेनं भर पडते.

मग मिक्स असं करा, दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं विटेचे तुकडे आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून आणायचा मोह होईल, आणू नका, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच.

प्रश्न : ताई मी इथं कॉट बेसिसवर राहून शिकायलोय, रूमवर मनी प्लँट, स्नेक प्लँट आणि जेडच्या फांद्या मित्रांकडून आणून पाण्यात लावल्यात, मुळं पण आलीत, आता कुंड्या पाहिजेत पण सिरॅमिकच्या कुंडीचा भाव बघून परत आलो की हो. बजेट म्हणजे मेसचे पैसे भरून जे उरतं ते.
(एक विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : झाडं फुकट आणलीस, तिथंच अर्धी लढाई जिंकलास, आता कुंडीला पैसे घालू नकोस.

पहिली फेरी मेसमध्ये आणि बेकरीत मार. लोणचं, दही, क्रीम, आइस्क्रीम यांचे प्लास्टिकचे डबे आणि छोट्या बादल्या त्यांच्याकडं रोज रिकाम्या होतात, काही जण फुकट देतात काही दहा-वीस रुपये घेतात. झाकण टाकू नकोस, तीच खालची बशी. तळाला पेन्सिल जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडायची, तापवलेल्या खिळ्याने पाडणार असशील तर गॅलरीत बसून पाड, तो धूर वाईट असतो. भोकाशिवाय कुंडी नाही हे कायम लक्षात ठेव, झाडं उपाशी मरत नाहीत, बुडून मरतात. असे डबे रूममध्ये बरीच वर्षं टिकतात पण गच्चीवर उन्हात ठेवले तर ठिसूळ होऊन हातात तुकडे येतात.

दुसरं म्हणजे सुगडं. संक्रांतीच्या आधी रस्त्याकडेला ढीग मांडलेले असतात आणि सण झाला की उरलेल्यांना कोणी विचारत नाही, तेव्हा कुंभाराकडं जाऊन भाव कर. जेडच्या फांदीला, निवडुंगाला ते माप अगदी बरोबर. नवरात्रातल्या घटांचंही तसंच. भोक पाडायला सुगड रात्रभर पाण्यात भिजव, मग उलटं करून वाळूवर ठेव आणि बारीक खिळ्यानं हलक्या हातानं टक टक करत राहा, दहातली दोन-तीन फुटणारच, ती धरूनच जास्त घे. फुटलेल्याचे तुकडे भोकावर ठेवायला कामाला येतात. मातीचं भांडं पाणी बाहेर सोडत राहतं म्हणून स्नेक प्लँटला चालेल, मनी प्लँटला प्लास्टिकच बरं.

दिसायला छान पाहिजे असेल तर संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शेवटच्या दिवसांत फिर, स्टॉलवाल्यांना माल परत न्यायचा नसतो. चिनी मातीची बरणी, टवका उडालेला मोठा मग असलं काही मिळालं तर त्यात भोक पाडत बसू नकोस, डब्यातलं झाड डब्यासकट आत ठेव, पाणी घालताना बाहेर काढायचं, निथळलं की परत आत. भंगारवाल्याकडं स्टीलचे बिनझाकणाचे डबे वजनावर मिळतात ते पण असेच वापरता येतात. फक्त कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी घ्यायचा नाही आणि ऑइल पेंट, थिनरचाही नाही. भिंतीच्या पाण्यात मिसळायच्या रंगाची बादली घासून घेतली तर चालते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मे महिन्यात पंधरा दिवस मुलीकडे पुण्याला जायचे आहे. शेजारी पण गावाला जाणार. आपोआप पाणी देणाऱ्या कुंड्या फार महाग वाटल्या. दवाखान्यातील वापरलेल्या सलाईनच्या बाटल्या आणून ठिबक करावे असे एकाने सुचवले. योग्य आहे का?
(एक ज्येष्ठ वाचक, मुरारजी पेठ)

उत्तर : सर, कल्पना चांगली आहे, फक्त दवाखान्यातल्या वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या अजिबात आणू नका, तो जैववैद्यकीय कचरा असतो आणि तो ज्या त्या पद्धतीनेच नष्ट व्हायला पाहिजे. मेडिकलमध्ये सलाईनच्या नळीचा नवा सीलबंद आयव्ही सेट मिळतो, तो काही फार महाग नसतो. त्याला फिरवायची चकती असते तिनं थेंब कमी-जास्त करता येतात, आणि बाटलीच्या जागी ५ लिटरचा पाण्याचा कॅन वापरायचा. साध्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचं १ मिलीलिटर होतं, म्हणजे दर १० सेकंदाला एक थेंब ठेवलात तर दिवसाला ४३० मिलीलिटरच्या आसपास पाणी जाईल आणि ५ लिटरचा कॅन साडेअकरा दिवस पुरेल, पंधरा दिवसांना थेंब आणखी सावकाश ठेवा. तुम्ही शिक्षक आहात, गणित तपासून बघालच. पण कॅनमधली पातळी उतरली की थेंबांचा वेग मंदावतो आणि आपल्या पाण्यातल्या क्षारांनी नळी अडकू पण शकते, म्हणून जायच्या आठवडाभर आधी लावून बघा, निघायच्या दिवशी नको.

बऱ्याच कुंड्या असतील तर मात्र प्रत्येकाला एक सेट हे काही खरं नाही. तिथं आपलं सोलापूर कामाला येतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा जिथं जिथं यंत्रमाग आहेत तिथं सुताचा गुंता, कापलेली टोकं निघतात, ओळखीनं पिशवीभर मिळतात. जाड सूत आठ-दहा पदरी पिळून बोटाएवढी वात करायची, आधी पूर्ण भिजवायची, एक टोक कुंडीच्या भोकातून आत मातीत चांगलं वर खुपसायचं आणि दुसरं खाली पाण्याच्या डब्यात सोडायचं. कुंडी डब्यावरच बसवायची, वात वीतभरापेक्षा लांब नको, जितकी लांब तितकं पाणी वर चढायला जड. सुती वात काही महिन्यांत कुजते पण तुम्हाला पंधरा दिवसच पाहिजेत. रंगवलेलं सूत टाळा, पांढरंच घ्या. आणि माती कोकोपीटची असेल तर ही युक्ती छान चालते, नुसत्या घट्ट मातीत नाही.

याहून सोपं म्हणजे टॉवेल. आपल्याकडचा जाड टर्किश टॉवेल, डागी माल किंवा शिलाई चुकलेला असेल तर अजून स्वस्त, नाहीतर घरातला जुना. बाथरूममध्ये किंवा मोरीजवळ ओट्यावर एक प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर ओला टॉवेल, टॉवेलचं एक टोक बाजूच्या भरलेल्या बादलीत बुडवा आणि टॉवेलवर कुंड्या बशीशिवाय ठेवा. बादलीचं तोंड ओट्याच्या थोडं खाली पाहिजे, वर असेल तर सगळं पाणी सायफननं एका रात्रीत वाहून जाईल. भोकातून माती टॉवेलला टेकते आणि लागेल तसं पाणी ओढते. परदेशात याच कामाच्या खास मॅट विकतात, आपण टॉवेलच्या गावात राहून त्या कशाला विकत घ्यायच्या.

ठिबकच्या दुकानातून ड्रिपर आणून बादलीला जोडायचा विचार करत असाल तर एक अडचण आहे. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरला, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणाऱ्या ड्रिपरला, चालायला दाब लागतो आणि मीटरभर उंचीच्या बादलीचा दाब म्हणजे ०.१ बार, त्याच्यावर तो नीट चालत नाही. ४ मिलीमीटरची मायक्रोट्यूब आणि टोकाला फिरवायचा साधा नळ एवढंच घ्या.

आणि यातलं काहीही करण्याआधी सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या खिडकीपासून उचलून घरातल्या सावलीच्या जागेत एकत्र ठेवा, निम्मं पाणी तिथंच वाचतं. स्नेक प्लँट, झेडझेड प्लँट, जेड यांना तर काहीच करू नका, जाताना पाणी घाला आणि दार लावा.

प्रश्न : लाकडी घाण्यावरून शेंगदाणा पेंड आणली, भिजवून घरातल्या कुंड्यांना घातली, दोन दिवसात असा वास सुटला की सासूबाईंनी सगळ्या कुंड्या गॅलरीत काढल्या. आता मुंग्या पण झाल्या. पेंड वाईट असते का?
(एक वाचक, साखर पेठ)

उत्तर : पेंड वाईट नाही, जागा चुकली. तिच्यात सातेक टक्के नत्र असतं आणि घाण्यावर किंवा पशुखाद्याच्या दुकानात ती खत म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते, शेंगांच्या जिल्ह्यात राहून ती वापरायची नाही असं मी म्हणणारच नाही. पण ती आंबते, कुजते, मग खत होते, आणि हे सगळं बंद हॉलमध्ये झालं तर सासूबाई तेच करणार जे त्यांनी केलं. गुलाब, जास्वंद, मोगरा, गच्चीवरची टोमॅटो यांना द्या, मूठभर पेंड बादलीभर पाण्यात तीन-चार दिवस झाकून ठेवायची आणि वरचं पाणी दहापट पातळ करून घालायचं. घरातल्या झाडांना वर सांगितलेलं १९:१९:१९, त्याला ना वास ना मुंग्या. आता वरचा इंचभर थर काढून टाका आणि कोरडं कोकोपीट घाला, मुंग्या जातील. बुरशी धरलेली पेंड असेल तर ती फेकून द्या, गाईम्हशीला तर चुकूनही नको, शेंगदाण्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं.

रसवंतीवरचं उसाचं चिपाड फुकट मिळतं ते पण असंच, कंपोस्टमध्ये छान, कुंडीत थेट नको.

प्रश्न : कूलरचं उरलेलं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी, यातलं कुठलं घालू? पाण्याची बचत पण होईल आणि कुंडीवर पांढरा थर येतो तो पण जाईल असं वाटतं.

उत्तर : एसीचं घाला, बाकी दोन नको. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, उन्हाळ्यात वरचेवर भर घालून ते अजून दाट होतात. आरओ तर चांगलं पाणी तुम्हाला देतो आणि क्षार वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. एसीचं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. घरी एसी नसेल तर ओळखीच्या दुकानाच्या मागं नळीतून गळत असतं, तिथं कॅन लावून ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. पावसाचं पाणी तर त्याहून सोपं, आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कमीच आहे, पण १० बाय १० फुटांच्या पत्र्यावर १० मिलीमीटर पडला तरी नव्वदेक लिटर खाली येतात. पहिल्या पावसाचं सोडून द्या, नंतरचं पिंपात भरा, आणि पिंपाला डास जाणार नाहीत असं फडकं बांधा. पांढऱ्या थराला किराणा दुकानातलं लिंबूसत्व, मगभर कोमट पाण्यात एक चमचा, कुंडीला बाहेरून घासायचं आणि धुऊन टाकायचं.

प्रश्न : मॅडम, आमची छोटी नर्सरी आहे. तुम्ही सगळ्यांना कृषी दुकानात आणि भंगारात पाठवताय, आमच्याकडं काय फक्त फोटो काढायला यायचं का? जागेचं भाडं, पाण्याचा टँकर, माणसं, हे कोण बघणार?

उत्तर : राग बरोबर आहे. म्हणून सरळ लिहिते की झाड नर्सरीतूनच घ्यावं, तिथं मुळं बघता येतात, पान उलटं करून कीड बघता येते, इथल्या उन्हाला सरावलेलं रोप मिळतं आणि बॉक्समधून तीन दिवस प्रवास करून आलेल्या ऑनलाइनच्या रोपापेक्षा ते नक्कीच टिकतं. एक-दोनच कुंड्या असलेल्या माणसाने पण तुमच्याकडूनच तयार माती घ्यावी, त्यानं ५ किलोचा ब्लॉक, विटा, खत गोळा करत फिरणं म्हणजे पेट्रोल जाळणं. पण शंभर ग्रॅम खताची पुडी किलोच्या पाकिटाच्या अर्ध्या किमतीला विकली तर गिऱ्हाईक हिशोब करणारच हो. तुम्हीच किलोचं पाकीट फोडून सुटं विका की योग्य भावात, आणि वापरलेल्या प्लास्टिक पिशव्या, काळ्या कुंड्या परत घेऊन थोडी सूट द्या, माझे वाचक रांग लावतील. सुट्या पुडीवर नाव आणि प्रमाण मात्र लिहून द्या.

प्रश्न : जास्वंद आणि क्रोटनवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय, स्प्रेची बाटली बरीच महाग सांगितली. घरगुती काही?

उत्तर : तो पिठ्या ढेकूण. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणि कापूस आणा, बोळा भिजवून एकेक पुसून काढा, आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा, गॅसजवळ करू नका. मग कृषी दुकानातलं निंबोळी तेल, लिटरला ३ ते ५ मिलीलिटर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. मोजायला मेडिकलमधलीच सुईशिवायची सिरिंज घ्या, ५ मिलीलिटरची. ती खताच्या, औषधाच्या सगळ्या मापाला होते.

प्रश्न : आमचं घर पेठेतलं जुनं, मधल्या खोलीत खिडकीच नाही. ग्रो लाइट घेऊ का? जांभळा उजेड पडतो तो.

उत्तर : नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी २० वॅटची एलईडी ट्यूब घ्या, ६५०० केल्विन लिहिलेली, झाडाच्या वर फूट-दीड फुटावर लावा आणि रोज दहा-बारा तास चालू ठेवा. महिन्याला सातेक युनिट जातात. मनी प्लँट, सिंगोनियम, झेडझेड छान राहतील, फुलाची झाडं मागू नका तिच्याकडं.

प्रश्न : मॉन्स्टेरा वाढलाय, त्याला आधाराला चढायची काठी, मॉस स्टिक पाहिजे, चांगल्या उंचीची फार महाग आहे.
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : हार्डवेअरच्या दुकानातून दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपाचा उरलेला तुकडा मागा, प्लंबरकडं तर असतोच, आणि दोरवाल्याकडून काथ्याची दोरी किलोवर घ्या. नारळाच्या शेंड्या देवळाबाहेर आणि शहाळेवाल्याकडं फुकट मिळतात, त्या भिजवून, सोलून, पाइपावर जाडसर लावायच्या आणि वरून काथ्या घट्ट गुंडाळत जायचं, दोन फेऱ्यांत जागा सोडायची नाही. पाइपाला गुंडाळण्याआधी सगळीकडं भोकं पाडून घेतलीत आणि खालचं तोंड टोपीनं बंद केलंत तर वरून पाणी ओतता येतं आणि काथ्या आतून ओला राहतो, नाहीतर सोलापूरच्या हवेत सकाळी फवारलेली काठी दुपारपर्यंत ठणठणीत वाळलेली असते आणि मुळं काही तिला धरत नाहीत. तळाला दोन आडव्या काड्या आरपार घाला म्हणजे कुंडीत हलणार नाही. खोड बांधताना तार वापरू नका, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्या आणि गाठ सैल ठेवा.